तांब्या उचलेना

२०२३ च्या दिवाळीतला पाडवा. आंघोळ करून पाटावर बसलो होतो, ताटात निरांजन लावून बायको औक्षणाला उभी. पाटाच्या कडेला पाण्याने भरलेला पितळी तांब्या होता. पाय लागू नये म्हणून तो बाजूला ठेवायला उचलला आणि उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला अशी कळ गेली की तांब्या हातातून सुटला. पाणी थेट रांगोळीवर. आई म्हणाली, "पाडव्याचं पाणी सांडवलंस रे." सांडवलं नाही, सुटलं, हे तिला काय सांगणार.

दुखणं त्याच्या आधी पंधरा-वीस दिवसांपासून होतंच. चहाचा कप उचलताना, गाडीची किल्ली फिरवताना, टॉवेल पिळताना. पण मी निफाड तालुक्यातला द्राक्षवाला. हात दुखतोय म्हणजे काम झालंय, असा आमच्याकडचा सरळ हिशेब.

आणि काम झालंच होतं. त्या साली ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याकडची नेहमीची टोळी दोन एकर उरकून दुसऱ्या गावाला गेली, तिथून उचल आधी मिळाली होती. उरलेला एकर मी स्वतः छाटायला घेतला. नऊ बाय पाच फुटांवर लागण, म्हणजे एकरात साडेनऊशेच्या वर झाडं. चौदा दिवस लागले. कात्री जुनी, स्प्रिंग ताठ, पातं बोथट. मांडवाखाली मान वर आणि हात डोक्याच्याही वर. शेवटच्या दोन दिवसांत संध्याकाळी मूठ उघडेना. डाव्या हाताने एकेक बोट सोडवावं लागायचं. त्याचं तेव्हा काहीच वाटलं नाही, हे आता लिहिताना मलाच चमत्कारिक वाटतं.

घरगुती उपाय सगळे झाले. आईचं निदान ठरलेलं, वात. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधला, मिठाची पुरचुंडी करून शेकलं, महानारायण तेल जिरवलं. शेकल्यावर बरं वाटायचं, तासाभराने पुन्हा तेच. बिब्ब्याचा चटका द्यायला एक चुलते तयारच होते, त्यांना मी हात दिला नाही. पण एका हाडवैद्याकडे मात्र गेलो. "गाठ धरलीय," म्हणत त्याने नेमक्या दुखऱ्या जागेवर अंगठा रोवून असा फिरवला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. चार दिवस कोपर काळंनिळं. त्या विद्येला कोपरापासून नमस्कार करावा म्हटलं, तर तेवढंही कोपर उरलं नव्हतं. मग गावातल्या डॉक्टरांनी कमरेत इंजेक्शन दिलं आणि पाच दिवसांच्या गोळ्या. गोळ्या होत्या तोवर ठणका कमी, संपल्या की चालू. वर छातीत जळजळ.

एवढ्यात २६ नोव्हेंबर उजाडला. निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या लोकांना ही तारीख सांगावी लागत नाही. संध्याकाळी गारा पडल्या. मणी ज्वारीएवढे झाले होते. सकाळी बागेत गेलो तर पानांच्या चिंध्या, घडांना एका अंगाने मार. मार लागलेले मणी काढायचे, मोडक्या काड्या काढायच्या, त्यात घडातले जादा मणी कमी करायची विरळणीही तोंडावर, आणि प्रत्येकाच्याच बागेत तीच गत म्हटल्यावर मजूर कुठून येणार? कात्री पुन्हा हातात घेणं भाग होतं आणि कात्री दाबली की कोपरात सुरी. तेव्हा नाशिकला हाडांच्या दवाखान्यात गेलो.

एक्स-रे स्वच्छ निघाला. डॉक्टरांनी कोपराच्या बाहेरच्या हाडावर दाबलं, मी ओरडलो, ते म्हणाले, "टेनिस एल्बो." मला हसूच आलं. आमच्या गावाने टेनिसची रॅकेट पाहिली असेल ती टीव्हीवर. पण नाव ओळखीचं होतं, आमच्या वयाच्या कुणालाही असेल. २००४ साली सचिनचं डावं कोपर धरलं, तो सामन्यांमागून सामने बाहेर बसला आणि देशभर टेनिस एल्बो हा घरगुती शब्द झाला. २००५ च्या मे महिन्यात लंडनला ऑपरेशन, आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध ९३. पारावर तेव्हा चर्चा एकच, जड बॅटमुळे झालं की नाही. मला झालं ते अडीचशे ग्रॅमच्या कात्रीने.

डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. पट्टा, व्यायाम, आराम, आणि वेळ लागेल. नाहीतर जागेवर स्टिरॉइडचं इंजेक्शन, आराम लवकर. मी वेळ हा शब्द ऐकल्यावर पुढचं ऐकलंच नाही. इंजेक्शन घेतलं. सुई हाडाशी टेकते तेव्हा जे होतं ते लिहून दाखवता येणार नाही. पुढचे दोन दिवस दुखणं उलट वाढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो, हात झटकला, काही नाही! दाबलं, काही नाही! तांब्या भरून उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. लहान पोरासारखा.

"दोन-तीन आठवडे हात हलका ठेवा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यांना दोष नाही. पण दुखत नसलेला हात हलका कसा ठेवायचा, तेही गारपिटीनंतर? डिसेंबरभर विरळणीची कात्री चालवली. बांबू, तारा, फवारणीचे पाइप सगळं ओढलं. मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये म्हणतात, मी अगदी शब्दशः खणलं.

फेब्रुवारीच्या मध्यावर काढणी सुरू झाली आणि भरलेले क्रेट उचलता उचलता ते परत आलं. आधी कळ यायची आणि जायची, आता ती जाईना. रात्री कूस बदलली तरी जाग यायची. हस्तांदोलन नको वाटायचं. व्यापारी आला की मी लांबूनच दोन्ही हात जोडायचो, त्याला वाटायचं भावावरून रागावलाय. शिवाय इंजेक्शनच्या जागी चार आण्याच्या नाण्याएवढा पांढुरका डाग पडून कातडी किंचित खोल गेली होती. पुन्हा दवाखाना. दुसरं इंजेक्शन घेता येईल म्हणाले, किंवा स्वतःचंच रक्त काढून, यंत्रात फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग टोचायचा, पीआरपी. ते महाग, आणि काहींना गुण येतो, काहींना नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मी विचार करतो म्हणून उठलो. मेव्हण्याने पिंपळगावच्या एका फिजिओथेरपिस्टचं नाव सुचवलं होतं, तिकडे गेलो.

त्यांच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून मला पहिल्यांदा कळलं की कोपर हे एक गाव आहे आणि प्रत्येक आळीचं दुखणं वेगळं. शेजारी एक ट्रक ड्रायव्हर. त्याचं कोपर फारसं दुखतच नव्हतं, पण करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. वर्षानुवर्षं खिडकीवर कोपर टेकून गाडी चालवलेली. कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात ती नस आतल्या बाजूच्या खाचेतून जाते, ती दाबली गेली होती. पलीकडे मेस चालवणाऱ्या ताई. त्यांचं दुखणं माझ्याच जातीचं, पण कोपराच्या आतल्या बाजूला. त्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात. म्हणजे कणीक मळून गोल्फचं दुखणं आणि द्राक्षं छाटून टेनिसचं! एक पोरगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, कोपराच्या मागे लिंबाएवढी पाण्याची गाठ. तासन् तास टेबलावर कोपर टेकून बसल्याने आलेली. त्याला फिजिओ मॅडमनी आतून सांगितलं, गाठ लाल झाली, गरम लागली किंवा ताप आला तर माझ्याकडे न येता सरळ डॉक्टरांकडे जायचं. आणि एक आजीबाई गुडघ्यासाठी आल्या होत्या, पण आमचा विषय निघाल्यावर त्यांनी नातवाचं सांगितलं. तीन वर्षांचा. जत्रेत आईने मनगटाला धरून झोळीसारखा वर उचलला, तर कोपरातलं हाड जागचं सरकलं, पोर हातच हलवेना. डॉक्टरांनी हात असा फिरवला, टक् झालं, आणि पाच मिनिटांत त्याच हाताने जिलबी खाल्ली. "तेव्हापासून पोराच्या हाताला धरून कुणाला उचलू देत नाही बघ मी," म्हणाल्या.

फिजिओ मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या. मला पहिल्याच वाक्यात "काका" म्हणाल्या, ते थोडं लागलं. पण नाशिकला दोन मिनिटांत झालं त्याला इथे पाऊण तास लागला. आधी मान वळवायला, वाकवायला लावली, कारण मानेतली नस दाबली तरी दुखणं कोपरात येऊ शकतं. मग करंगळी, मुंग्या, कोपर अडकतं का, कधी पडलात का, साखर आहे का. मग हात सरळ करून मूठ वळायला सांगितली, वरून दाबलं आणि मला मनगट वर उचलायला लावलं. कळ. मग नुसतं मधलं बोट उचलायला लावलं. त्यानेही कळ, कोपरात! मधल्या बोटाचा आणि कोपराचा संबंध असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

शेवटी त्यांनी प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली. "तळवा खाली करून, हात सरळ ठेवून उचला." दोन इंच उचलली आणि सोडली. "आता तळवा वर करून, कोपर वाकवून, खालून उचला." उचलली गेली! तोच हात, तीच खुर्ची. मी पुन्हा करून पाहिलं. त्या हसत होत्या.

मग समजावून सांगितलं. मूठ आवळणारे स्नायू हाताच्या आतल्या बाजूचे. पण मूठ जोरात आवळली की मनगट पुढे पडायला बघतं, ते पडू नये म्हणून वरच्या बाजूचे स्नायू त्याला मागे ओढून धरतात. बैल पुढे ओढतोय आणि मागे कुणीतरी कासरा ताणून उभा आहे, तसं. या सगळ्या कासऱ्यांचा खुंटा एकच, कोपराच्या बाहेरचं ते टोकदार हाड. त्यातल्या ईसीआरबी नावाच्या स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, सगळ्यात आधी झिजतो. झिजतो, सुजत नाही. जुन्या लोकांना ती सूज वाटायची, पण ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर सुजेच्या पेशी सापडेनात, विस्कटलेले तंतू आणि अर्धवट सांधलेली जागा सापडली. जुन्या सुंभाचा पीळ सुटावा तशी. म्हणून सूज मारणारं औषध कळ मारतं, पण पीळ काही परत घालत नाही.

"काका, छाटणीला दिवसात कात्री किती वेळा दाबता?"

कधी मोजलं नव्हतं. फाइलच्या मागेच हिशेब मांडला. दिवसाला सत्तर झाडं, झाडाला पस्तीस काड्या, दोन हजार चारशे पन्नास. चौदा दिवस, चौतीस हजार तीनशे. हे फक्त मोजके काप, सफाई धरली नाही. मी त्या आकड्याकडे बघत बसलो. खताचा, औषधाचा, डिझेलचा हिशेब माझ्याकडे वहीत आहे, पैशापर्यंत. हा कधी लिहिला नव्हता.

दुसऱ्या इंजेक्शनचं विचारलं तेव्हा त्यांनी २००६ सालचा ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास सांगितला. टेनिस एल्बोचे १९८ रुग्ण, तीन गट. एकाला इंजेक्शन, एकाला व्यायाम आणि हाताने उपचार, एकाला काही नाही, फक्त सल्ला. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सगळ्यांच्या पुढे. पण त्यांत बरं वाटलेल्या ६५ पैकी ४७ जणांचं दुखणं नंतर परतलं. वर्षाअखेरीस व्यायामवाले आणि नुसते थांबलेले जवळपास बरोबरीने बरे.

"म्हणजे काही न करता पण बरं होतं? मग मी तुम्हाला एका बैठकीचे ३०० रुपये कशाचे देतोय?"

"लवकर बरं व्हायचे. आणि वर्षभर थांबायला तुमची बाग थांबणार आहे का, काका?"

यावर काय बोलणार?

पहिल्या दिवशी त्यांनी करंटही दिला, चार चकत्या लावून मुंग्या येतात तो. मला फार आवडला. रोज घ्यावा का विचारलं तर म्हणाल्या, "बरं वाटतं तेवढंच. काम व्यायामच करणार." असं सांगणारी माणसं कमी.

व्यायाम इतका किरकोळ की घरी दाखवायची लाज वाटली. पहिले दोन आठवडे फक्त टेबलावर हात ठेवायचा, तळवा खाली, डाव्या हाताने वरून दाबायचं आणि उजव्याने मनगट उचलायचा प्रयत्न करायचा. हलवायचं नाही, नुसतं ताणून धरायचं. पंचेचाळीस सेकंद, पाच वेळा. त्यानंतर हात टेबलाच्या कडेबाहेर, मुठीत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. डाव्या हाताने मनगट वर न्यायचं, मग सोडायचं आणि उजव्याने पाचपर्यंत मोजत सावकाश खाली. पंधरा वेळा, तीन फेऱ्या. महत्त्वाचं काम खाली येतानाचं. वजन हळूहळू वाढत जाऊन एक किलोवर, मग दीडवर. दुखलं तर? दहापैकी तीन-चारपर्यंत दुखू द्यायचं, पण दुसऱ्या सकाळी ते कालच्याइतकंच हवं. जास्त असेल तर वजन कमी.

हे "दुखू द्यायचं" माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. इंजेक्शनआधी मी महिनाभर हात अगदी गळ्यात अडकवल्यासारखा जपला होता, त्याने बारीक झाला, बरा झाला नाही. इंजेक्शननंतर जनावरासारखा राबवला, त्यानेही नाही. आता मधली वाट, आणि ती रोज थोडी बदलणारी. मार्चमध्ये एक आठवडा चांगला गेला म्हणून मी आपल्या मनाने एकदम दोन किलो घेतलं. चार दिवस कप उचलेना. मॅडमना सांगितलंच नाही, पण त्यांनी मनगट धरताच ओळखलं.

पट्टाही होता, कोपराच्या हाडाखाली दोन बोटं सोडून बांधायचा. मी आधी हाडावरच बांधत होतो. कामापुरता घालायचा, झोपताना काढायचा. आणि सवयी. बादली, पिशवी, तांब्या, जे उचलायचं ते तळवा वर करून, अंगाजवळ. यात माझी एक फजिती झाली. लग्नाच्या पंगतीत पाण्याचा जग असा खालून धरून वाढायला लागलो, तर एका पाहुण्याने त्यात पाच रुपये टाकायचा आविर्भाव केला. मोटारसायकलचं कुणी सांगितलं नव्हतं, ते माझं मीच शोधलं. ॲक्सिलरेटर धरताना मनगट मागे वळलेलं असतं आणि वीस किलोमीटर तसंच राहतं. मेकॅनिककडून केबल मोकळी करून घेतली, फरक पडला.

एप्रिलच्या खरड छाटणीला मी कात्री धरली नाही. सगळी टोळीला दिली, पैसे गेले. बांधावर उभं राहून दुसऱ्याला आपली बाग छाटताना बघणं मला जमत नाही, सारखं "अरे तो डोळा नको, खालचा धर" असं तोंडातून यायचं. एका पोराने शेवटी कात्रीच पुढे केली. मी मागे सरलो.

मे-जूनमध्ये रात्रीची जाग थांबली. जुलैत टॉवेल पिळता आला, त्या दिवशी दोनदा पिळला. ऑगस्टमध्ये मेव्हणा आणि मी मिळून बॅटरीची कात्री घेतली. बोटाच्या इशाऱ्यावर काडी तुटते, आणि त्याच सहजतेने डाव्या हाताचं बोटही तुटू शकतं, तेव्हा जपून. जुन्या कात्रीची स्प्रिंग बदलली, पातं धार लावून घेतलं. २०२४ च्या ऑक्टोबर छाटणीला दिवसाला तीस झाडं, वर एक नाही. तिसावं झालं की हात ठणठणीत असला तरी कात्री खिशात. बायको बांधावर बसून मोजायची. एकदा मी एकतिसाव्याला हात घातला तर लांबूनच "अहो!" आला.

पाडव्याला पाटावर बसलो. शेजारी तांब्याऐवजी स्टीलचं फुलपात्र ठेवलेलं. बायकोकडे पाहिलं, ती निरांजनाची वात सारखी करत होती. उठलो, स्वयंपाकघरातला पितळी तांब्या काठोकाठ भरला आणि उजव्या हाताने, तळवा खाली करून, घेऊन आलो. थोडं चमकलं. पाटाशेजारी ठेवला आणि बसलो.